रुळांवरचा पूल बांधायला एवढी वर्षं का लागतात? अंधेरीच्या गोखले पुलावरून समजून घेऊ

आमची आई अंधेरी पूर्वेला राहते आणि तिचे डोळ्यांचे डॉक्टर पश्चिमेला. ७ नोव्हेंबर २०२२ ला गोखले पूल बंद झाला तेव्हापासून ती मला एकच प्रश्न विचारायची, की अरे गावाकडे नदीवर एवढा मोठा पूल बांधतात, त्यात पाणी असतं, पूर येतो, तरी दोन उन्हाळ्यांत होतो, आणि इथे खाली सात-आठ रूळ आहेत फक्त, तर एवढा वेळ कशाला पाहिजे? मी दर वेळी म्हणायचो काम चालू आहे गं. पण हे काही उत्तर नव्हे हे मलाही कळत होतं. मग मी वाचायला लागलो, ओळखीच्या एका सिव्हिलवाल्या मित्राला पकडून पकडून विचारलं, आणि जे समजलं ते तिला जसं सांगितलं तसंच इथे लिहितोय. लांब झालंय पण प्रश्नच तसा आहे.

आधी थोडं मागचं. गोपाळ कृष्ण गोखले पूल १९७५ चा. पश्चिमेकडे एस. व्ही. रोड आणि जुहूकडून येणारा बर्फीवाला फ्लायओव्हर, पूर्वेकडे तेली गल्ली, आणि मधे रेल्वे. ३ जुलै २०१८ ला सकाळी, भर पावसात, ह्या पुलाचा बाजूचा पादचाऱ्यांचा भाग खाली रुळांवर कोसळला. दोन जीव गेले. समोरून येणाऱ्या लोकलच्या मोटरमनने इमर्जन्सी ब्रेक मारला म्हणून गाडी ढिगाऱ्यावर गेली नाही, नाहीतर काय झालं असतं विचारही करवत नाही. नंतर चौकशीत जे मुद्दे आले त्यातला एक मला फार महत्त्वाचा वाटतो, तो म्हणजे वाढीव वजनाचा. फुटपाथचा तो भाग मुख्य पुलातून बाहेर काढलेला होता, घराच्या गॅलरीसारखा, आणि वर्षानुवर्षं त्यावर केबल टाकल्या गेल्या, वाळू, पेव्हर ब्लॉक असं करत करत वजन वाढत गेलं. कोणी एकाने एका दिवशी काही मोठी चूक केली असं नाही, प्रत्येकाने आपापलं थोडं थोडं टाकलं. आपण सोसायटीच्या गॅलरीत कुंड्या ठेवतो ना तसंच, पण खाली रेल्वे.

त्यानंतर मुंबईतल्या रुळांवरच्या ४४५ पुलांची तपासणी रेल्वे, महापालिका आणि आयआयटी मिळून करणार असं जाहीर झालं. स्ट्रक्चरल ऑडिट हा शब्द तेव्हापासून आपल्या सगळ्यांच्या तोंडी आला. ऑडिट म्हणजे काय करतात तर आधी डोळ्यांनी बघतात, कुठे गंज, कुठे तडे, कुठे काँक्रीट फुगून आतली सळई दिसतेय. मग एक स्प्रिंगवाल्या हातोड्यासारखं यंत्र काँक्रीटवर दाबून ते किती उसळतं ते मोजतात, त्यावरून वरचा थर किती टणक आहे ते कळतं. मग आवाजाच्या बारीक लहरी आतून पाठवतात, त्या लवकर पोचल्या तर आतून माल भरीव आहे, उशिरा पोचल्या तर आत पोकळी किंवा भेगा असू शकतात. आणि शेवटी छोटा गोल तुकडा कापून काढून लॅबमध्ये दाबून बघतात. डॉक्टर आधी नाडी बघतो, मग सोनोग्राफी, मग बायोप्सी, तसाच क्रम. पण तपासणी वरवर झाली तर काय होतं तेही मुंबईने बघितलंय. सीएसएमटीजवळचा हिमालय पूल १४ मार्च २०१९ ला पडला, आणि त्याच्या ऑडिटमध्ये किरकोळ दुरुस्ती सांगितलेली होती. म्हणून २०२२ ला गोखले पूल धोकादायक आहे असं सल्लागाराने सांगितल्यावर तो लगेच बंद केला हे मला तरी बरोबर वाटतं, कितीही त्रास झाला तरी. लोक तेव्हा खूप चिडले होते, कॅप्टन गोरे पूल, मिलन सबवे, जोगेश्वरीचा फ्लायओव्हर असं सगळं फिरून जावं लागायचं आणि अंधेरी सबवे तर जोरदार पाऊस आला की पाण्याखाली. पण उभ्या पुलावरून माणसं जाताना तो पडणं आणि बंद पूल बघून चिडणं यात निवड करायची तर दुसरंच बरं ना.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. नदीवरच्या पुलाला मालक एकच असतो. रुळांवरच्या पुलाला दोन. रुळांच्या वरचा जो भाग आहे तो रेल्वेच्या हद्दीत, आणि दोन्ही बाजूंचे चढ, म्हणजे ज्याला अप्रोच म्हणतात, ते महापालिकेचे. म्हणजे एकाच पुलाची मधली कडी एकाच्या ताब्यात आणि दोन्ही टोकं दुसऱ्याच्या. पाडायचं कोणी, बांधायचं कोणी, पैसे कोणी द्यायचे, हे प्रत्येक पुलाला बसून ठरवावं लागतं. गोखलेच्या वेळी रुळांवरचा जुना भाग पाडायचं काम रेल्वेने केलं आणि नवा बांधायचं महापालिकेने. पण महापालिकेने बांधायचं म्हटलं तरी नकाशा रेल्वेकडून मंजूर व्हायला लागतो. ह्या नकाशाला जीएडी म्हणतात, त्यात पुलाची लांबी, उंची, खांब कुठे, खाली किती जागा मोकळी, हे सगळं असतं. जीएडीवर सही झाल्याशिवाय पुढचं डिझाईनच पक्कं होत नाही आणि डिझाईन पक्कं नाही तर स्टीलची ऑर्डर देता येत नाही. आपल्याला बाहेरून दिसतं काय, तर पत्रे लावलेत आणि आत कोणी नाही. आत खरंच कोणी नसतं कारण काम तेव्हा कागदावर आणि कारखान्यात चालू असतं.

आणि हा नकाशा जुन्या पुलासारखा करून चालत नाही, इथेच खरी गोम आहे. जुन्या पुलाचे खांब रुळांच्या मधे उभे होते. नव्याला रेल्वे मधे खांब देऊ देत नाही, कारण उद्या रूळ वाढवायचे झाले किंवा सरकवायचे झाले तर खांब आडवा येतो. मग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकाच झेपेत जायचं, गोखलेच्या बाबतीत ही झेप साधारण ९० मीटर आहे. घरातलं उदाहरण घ्या, फळीला मधे आधार असेल तर पातळ फळी चालते, आधार काढला की फळी वाकते, मग ती जाड करावी लागते. पूल तर इतका जाड केला की रस्ताच वर वर जाणार. म्हणून मग जाडी रस्त्याच्या खाली न देता दोन्ही बाजूंना देतात, त्रिकोण त्रिकोण जोडलेली उंच जाळी असते ती, आणि रस्ता त्या दोन जाळ्यांच्या मधून जातो. गोखले पुलावरून जाताना बाजूला ह्या स्टीलच्या जाळ्या दिसतात त्या शोभेच्या नाहीत, सगळं वजन त्याच उचलतात. त्याला ओपन वेब गर्डर म्हणतात.

दुसरी गोष्ट उंचीची. खाली लोकलच्या डोक्यावर ज्या वायर आहेत त्यातून २५,००० व्होल्टचा करंट जातो. पूर्वी मुंबईत १,५०० व्होल्ट होते, ते बदलून २५,००० केले. जास्त व्होल्ट म्हणजे वायर आणि पूल यांच्यात जास्त अंतर पाहिजे, नाहीतर स्पर्श न होताही ठिणगी उडी मारू शकते. सँडहर्स्ट रोडचा हँकॉक पूल १८७९ चा होता, तो ठेंगणा असल्यामुळेच ह्या बदलात आडवा येत होता. आणि नवीन पुलांसाठी रेल्वेचे उंचीचे नियमही आता वाढलेत. म्हणजे जुना पूल पाडून त्याच जागी नवा बांधायचा म्हटलं तरी तो त्याच उंचीवर बसत नाही, वर जातो.

वर जातो तर जाऊ दे ना, असं आईच म्हणाली. पण रस्त्याला चढ लागतो. शहरात साधारण धरतात की १ मीटर वर चढायला ३० मीटर लांब रस्ता पाहिजे, नाहीतर भरलेली बस, टेम्पो, पावसात बाईक यांना जड जातं. म्हणजे पूल दीड मीटर वर गेला की प्रत्येक बाजूला चढ ४५ मीटर लांब होतो. आणि अंधेरीत ४५ मीटर मोकळे कुठे आहेत? तिथे दुकानं आहेत, बिल्डिंगची गेटं आहेत, सिग्नल आहे. आणि पश्चिमेला तर नुसता जमिनीवरचा चढ नव्हता, तिथे बर्फीवाला फ्लायओव्हरही वरच्या वर येऊन पुलाला जोडला जायचा.

तोच तो फोटो जो सगळ्यांनी फॉरवर्ड केला. २६ फेब्रुवारी २०२४ ला गोखलेची अर्धी बाजू सुरू झाली आणि लोकांनी बघितलं की नवा पूल वर आणि बर्फीवाला खाली, मधे माणसाच्या छातीएवढा फरक. सगळे हसले. मला खरं सांगायचं तर हसू आलं नाही, वाईट वाटलं, कारण त्या जोडावरून जुहूकडचे हजारो लोक रोज येत होते आणि त्यांना अर्धा सुरू झालेला पूलही उपयोगाचा नव्हता. फरक का पडला हे वर सांगितलंच. पण हा फरक पडणार हे कागदावर आधीच दिसणारं होतं, तेव्हा जोडाचा उपाय गर्डर बसायच्या आधी ठरायला हवा होता, नंतर नाही, हे माझं मत मी बदललेलं नाही.

उपाय मात्र फार सुंदर निघाला आणि तो समजून घेण्यासारखा आहे. आयआयटी मुंबई आणि व्हीजेटीआयचा सल्ला घेतला, आणि बर्फीवाला पाडण्याऐवजी तो उचलायचं ठरलं. फ्लायओव्हरचा स्लॅब खांबांना चिकटलेला नसतो. तो बेअरिंगवर ठेवलेला असतो, बेअरिंग म्हणजे रबर किंवा स्टीलची जाड गादी. ही गादी असते कारण पूल रोज हलतो. स्टीलचा ९० मीटरचा गर्डर घ्या, सकाळच्या गारव्यापासून दुपारच्या उन्हापर्यंत त्याचं तापमान ३० अंशांनी वाढलं तर तो जवळजवळ ३ सेंटीमीटर लांब होतो, त्याला सरकायला जागा नाही दिली तर तो खांबालाच ढकलेल. गाडी पुलावरून जाताना टडक टडक आवाज येतो तो ह्याच सोडलेल्या फटीचा, एक्स्पान्शन जॉइंटचा. तर स्लॅब नुसता ठेवलेला असल्यामुळे तो उचलता येतो. खालून हायड्रॉलिक जॅक लावले, आपण गाडीचं चाक बदलताना लावतो त्याचाच मोठा भाऊ, सगळे एकदम आणि अगदी हळूहळू वर, कारण एक कोपरा पुढे गेला तर स्लॅब पिळला जाऊन तडकतो. एका बाजूला १,३९७ मिलीमीटर आणि दुसऱ्या बाजूला ६५० मिलीमीटर वर घेतला. दोन बाजू वेगळ्या का, तर एक टोक गोखलेला भिडायचं होतं आणि दुसरं जुन्या उंचीकडे उतरत जायचं होतं. मग खाली खांबांवर नवे पेडेस्टल, म्हणजे ठोकळे, बांधून त्यावर बेअरिंग आणि वर स्लॅब. मग दोन्ही पुलांच्या सळया जोडून मधला भाग काँक्रीटने शिवला. हो, शिवला असंच म्हणतात, स्टिचिंग. ४ जुलै २०२४ ला तो जोड सुरू झाला, ऐन पावसाळ्यात, काँक्रीट ओतायला कोरडे तास शोधत शोधत.

आता रुळांवर गर्डर कसा चढवतात ते राहिलं, आणि आईला हेच सगळ्यात आवडलं. गर्डरचे तुकडे अंबाल्याला बनत होते. तिथून ट्रेलरने मुंबई, आणि २०२३ च्या जुलैमध्ये उत्तरेकडे पूर आले त्याचाही फटका ह्या कामाला बसला. म्हणजे अंधेरीतला पूल हरियाणातल्या पावसाने लांबला. तुकडे आले की साईटवर एकेक बोल्ट लावून जोडणी, मग रंग, आणि प्रत्येक टप्प्याला तपासणी. एका बाजूच्या गर्डरचं वजन साधारण १,३०० टन. एवढं धूड क्रेनने उचलून रुळांवर ठेवायला तिथे ना जागा ना तेवढी क्रेन. म्हणून तो रुळांच्या बाजूला उंचावर जोडतात आणि रोलरवरून इंच इंच सरकवत रुळांच्या पलीकडे नेतात.

आणि हे दिवसा करता येत नाही. वेस्टर्नच्या लोकल रात्री साधारण १ ते ४ एवढ्याच बंद असतात. त्या तीन तासांतही आधी वायरमधला करंट बंद करायचा, तो बंद आहे याची खात्री करायची, अर्थिंग करायचं, मग माणसं वर जाणार, आणि पहिल्या लोकलच्या आधी सगळं उलट्या क्रमाने पूर्ववत. हातात कामाचे किती उरतात हिशोब करा. जास्त वेळ पाहिजे तर मेगाब्लॉक, आणि त्यासाठी गाड्या रद्द कराव्या लागतात म्हणून तो मागितला की लगेच मिळत नाही. पहिला गर्डर २ डिसेंबर २०२३ च्या रात्री रुळांवर सरकवायला घेतला. तो सरकवताना वायरच्या बऱ्याच वरून नेला होता, त्यामुळे मग तो साधारण साडेसात मीटर खाली उतरवावा लागला. जॅकने थोडं उचलायचं, खालचा एक ठोकळा काढायचा, परत टेकवायचं, परत उचलायचं. रात्रीमागून रात्री हे चाललं. आई म्हणाली, म्हणजे मी झोपलेली असताना तिथे कोणीतरी हे करत होतं. हो गं. अगदी तेच.

सगळ्यात शेवटी डेक, म्हणजे रस्त्याचा स्लॅब, मग डांबर, कठडे, दिवे. हे काम तुलनेने लवकर होतं, पण काँक्रीटला पूर्ण ताकद यायला साधारण २८ दिवस धरतात आणि सुरुवातीचे बरेच दिवस ते ओलं ठेवायला लागतं, ते घाईत कमी केलं की दोन पावसाळ्यांत फळ दिसतं. दुसऱ्या बाजूसाठी हाच सगळा प्रकार परत, कारण पूल दोन गर्डरांत विभागून बांधला, एक बाजू आधी सुरू करता यावी म्हणून. पूर्ण गोखले पूल ११ मे २०२५ ला सुरू झाला. बंद झाल्यापासून अडीच वर्षं.

अडीच वर्षं जास्त वाटतात ना? मग बाकीचे बघा. लोअर परळचा डिलाईल पूल २४ जुलै २०१८ ला बंद झाला तो पूर्ण सुरू व्हायला नोव्हेंबर २०२३ उजाडलं. हँकॉक पूल जानेवारी २०१६ मध्ये पाडला आणि १ ऑगस्ट २०२२ ला सुरू झाला तोही अर्धाच. कर्नाक पूल १८६८ चा, नोव्हेंबर २०२२ मध्ये २७ तासांचा ब्लॉक घेऊन पाडला आणि १० जुलै २०२५ ला सिंदूर पूल म्हणून नवा सुरू झाला. पाडायला २७ तास आणि बांधायला अडीच वर्षांहून जास्त. सायनचा १९१२ चा पूल १ ऑगस्ट २०२४ ला बंद झाला, तिथे तर खालून कुर्ल्यापर्यंत पाचवा-सहावा रूळ न्यायचाय म्हणून नव्या पुलाची झेप जुन्यापेक्षा मोठी.

ह्या सगळ्यात मला ज्याची खरी चीड येते ती वेगळीच आहे. गाडीवाला दोन किलोमीटर फिरून जातो, वैतागतो पण जातो. चालणाऱ्याने काय करायचं? हँकॉक पाडल्यावर शाळेची पोरं, म्हातारी माणसं रूळ ओलांडून जायला लागली होती, कारण पलीकडे जायला जवळचा रस्ताच उरला नव्हता. आणि चालणाऱ्यासाठी पूल लवकर होत नाही असं अजिबात नाही. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या, म्हणजे आताच्या प्रभादेवीच्या, जिन्यावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. त्यानंतर लष्कराला बोलावलं, आणि २७ फेब्रुवारी २०१८ ला तिथे, करी रोडला आणि आंबिवलीला असे तीन पादचारी पूल तयार होते. लष्कराकडे तयार तुकड्यांचे बेली पूल असतात, जोडायचे आणि ढकलायचे. गाड्यांचा पूल अडीच वर्षं घेवो, त्याची कारणं वर सांगितली, ती मला पटलीत. पण मोठा पूल बंद करायच्या आधी चालायचा पूल तिथे उभा पाहिजे, तो टेंडरमध्ये पहिल्या पानावर पाहिजे. चालणाऱ्याला १,३०० टन लागत नाहीत.

अजून एक, पुलाखालच्या जागेचं. आपण पूल वरूनच बघतो. माटुंग्याला तुळपुळे फ्लायओव्हरखाली पूर्वी पार्किंग आणि कचरा असायचा, तिथल्या रहिवाशांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आणि २०१६ मध्ये तिथे बाग झाली, नर्मदेच्या वळणांसारखी पायवाट आहे आत. संध्याकाळी आजी-आजोबा तिथे चालताना बघितले की बरं वाटतं. प्रत्येक नव्या पुलाच्या नकाशात खालची जागा कशासाठी हे आधीच लिहिलेलं असावं असं मला वाटतं.

आता आई लोकलमध्ये खिडकीपाशी बसली की तिला सवय लागलीये, रुळांवर कुठे काम दिसलं की टप्पा ओळखायचा. नुसते पत्रे लावलेत आणि आत शांतता, म्हणजे नकाशा किंवा कारखाना. रुळांच्या दोन्ही बाजूंना जमिनीत मोठाली ड्रिल मशीन, म्हणजे पाया. उंच लोखंडी मचाण आणि त्यावर जाळीचे तुकडे, म्हणजे गर्डरची जोडणी चालू आहे आणि आता कधीतरी रात्री ब्लॉक लागणार. गर्डर रुळांवर आहे पण दोन्ही टोकांना रस्ता नाही, म्हणजे अप्रोच अडकलाय, तेव्हा रेल्वेला नाही तर वॉर्ड ऑफिसला जाऊन विचारायचं. परवा सायनवरून जाताना ती फोनवर मला सांगत होती की इथे अजून जाळी दिसत नाही रे, आणि शेजारच्या बाईंनी विचारलं कसली जाळी, तर दादरपर्यंत ती त्यांना गोखले पूल समजावत होती.